वसंताचं टेबल

नथ्थूजी कधी स्वस्थ बसत नसत, असं लिहायचा मोह होतो. गेलेल्या कष्टाळू माणसाबद्दल तसं लिहायची पद्धतच आहे. पण ते खोटं होईल. नथ्थूजी चांगले बसत. रोज संध्याकाळी काम आटोपलं, की हातपाय धुऊन, लोखंडी खुर्ची ओढून ते ऐसपैस बसत. फरक इतकाच, की बाकीचं दारव्हा गाव रस्त्याकडे तोंड करून बसायचं आणि नथ्थूजी भिंतीकडे तोंड करून.

त्या भिंतीवर त्यांची वीज होती. काळी गोल बटणं, चिनी मातीचे फ्यूज, लाकडी पट्ट्यांवरून सरळ गेलेल्या तारा आणि दिव्यांचे होल्डर. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, बुढा काहीतरी बिघाड शोधतोय. बिघाड काही नसायचा. पुढचा पॉइंट कुठं घ्यायचा, ते ठरवणं चाललेलं असायचं. दिवा लावायची जागा असो की प्लग खुपसायची, त्यांच्या लेखी तो पॉइंट. हा शब्द ते इतक्या मानानं उच्चारत, की मला सुरुवातीला ते एखाद्या पाहुण्याबद्दल बोलताहेत असं वाटायचं.

मी दारव्ह्याच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो ते साठ सालच्या जरा आधी. विदर्भ आमच्या राज्यात येऊन थोडेच दिवस झाले होते आणि माझ्यासारखे साताऱ्याकडचे काहीजण नोकरीच्या मागं इतक्या लांब येऊन पडले होते. नथ्थूजींच्या घरातली एक खोली मला राहायला मिळाली. खोलीचं दार त्यांच्या सपरीत उघडायचं. सपरी म्हणजे घराच्या पुढं छप्पर घालून केलेली लांबलचक पडवी. नथ्थूजी लाकडाचे खरादी, म्हणजे खरादावर लाकूड फिरवून घडवणारे कातारी. पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय, पोळपाट, लाटणी, पांगुळगाडे असं सगळं ते त्या सपरीत करत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडं पोरांचा तान्हा पोळा असतो, त्यासाठी चाकांवरचे लाकडी नंदी करत. आणि सपरीला ते कारखाना म्हणत. कुणी सपरी म्हटलं, तर ऐकूच आलं नाही असं दाखवत.

पहिल्याच संध्याकाळी मी खोलीतून बाहेर आलो आणि अंधार दिसला म्हणून भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

"ओ गुरुजी! हात मांगं घ्या! पायात काय हाये?"

"काही नाही."

"मंग? मराले आले का दारव्ह्याले?"

मेन स्विचच्या बरोबर खाली सागाच्या खडावांचा एक जोड ठेवलेला असे. नथ्थूजींनी स्वतः केलेला, खुंट्यासुद्धा खरादावर घडवलेल्या. तो पायात घातल्याशिवाय त्या घरात बटण दाबायला बंदी होती. पाहुणे असोत, व्याही असोत, पोळपाट न्यायला आलेली बाई असो, आधी खडावा. त्यांच्या पत्नी पार्वताबाई, मी त्यांना मावशी म्हणायचो, त्यांचं या बाबतीत एक ठरलेलं बोलणं होतं. "देवाजवळ जातानी मानूस चपला काढते," त्या म्हणायच्या, "आमच्या घरी दिव्याजवळ जातानी घालते." बहुतेक वेळा हे बोलताना खडावा त्यांच्याच पायात असायच्या.

दिवा लागला की नथ्थूजी बल्बला हात जोडत. त्यात त्यांना काही वेगळं वाटत नसे. कंदील असताना कंदिलाला जोडत होते, आता याला. उलट बल्ब बघून हात न जोडणाऱ्या माणसाकडे ते जरा संशयानं पाहत. मीही काही दिवसांनी जोडायला लागलो. आजही दिवेलागणीला बटण दाबलं की माझा हात आपोआप कपाळाशी जातो, आणि घरातली नातवंडं हसतात.

नथ्थूजी विनयशील वगैरे मुळीच नव्हते. त्यांच्या कामाची कुणी तारीफ केली, तर ते म्हणत, "अजून एक डाव म्हना. जरा जोरानं म्हना, तिले आत आयकू जाऊ द्या." आणि आतून मावशी म्हणत, "आयकलं, आयकलं. पीठ संपलं हाये, ते कोनी म्हनत नाई."

विजेचं त्यांना कळत होतं असंही नाही. तारा जोडायचं काम करीमभाई करायचे. करीमभाई गावातले वायरमन, सडसडीत, कानावर कायम विडी ठेवलेले. नथ्थूजी लाकडापुरते होते. पण विजेच्या कामात लाकूड फार लागायचं. तारेखालच्या पट्ट्या लाकडाच्या, भिंतीत ठोकायच्या गुट्ट्या लाकडाच्या, प्रत्येक बटणाखाली आणि होल्डरखाली बसवायचा गोल ठोकळाही लाकडाचा. हे ठोकळे दुकानात तयार मिळायचे. नथ्थूजींना ते बघवायचे नाहीत. "हे का ठोकळे हायेत? हे तं डब्याचे झाकनं हायेत," असं म्हणून ते स्वतः ठोकळा करायला बसत. सागाचा तुकडा निवडायचा, तो खरादावर धरायचा, कडेला कंगोरे काढायचे, मग तेल पाजायचं, मग सावलीत ठेवून द्यायचा. दोन ठोकळ्यांचे कंगोरे कधी सारखे नसत. करीमभाई सकाळी हत्यारं घेऊन यायचे आणि ठोकळा अजून तेल पीत असायचा.

"काकाजी, मले एक सांगा," ते कंटाळून विचारत, "तुम्हाले दिवा पाह्यजे का देव्हारा पाह्यजे?"

"तुमी तार ओढा, करीमभाई. तार आंधारात जाते, कोनाले दिसत नाई. ठोकळा दिसते. वसंता पाहीन तं काय म्हनन?"

सगळ्या गोष्टी शेवटी तिथं येऊन थांबत. वसंता पाहील तर काय म्हणेल.

वसंता त्यांचा एकुलता एक मुलगा. तो घरी होता तेव्हा खराद विजेवर नव्हता. लाकडाला कातड्याचा पट्टा गुंडाळायचा, एकानं तो मागंपुढं ओढायचा आणि दुसऱ्यानं फिरत्या लाकडाला पटाशी लावायची, अशी ती जुनी रीत. पट्टा वसंतानं ओढायचा, पटाशी नथ्थूजींनी धरायची. तशी त्यांची कित्येक वर्षं गेली. मग वसंता नागपूरला जाऊन फिटरचं काम शिकला आणि तिकडूनच भिलाईला कारखान्यात लागला. त्याच सुमारास गावात वीज आली आणि नथ्थूजींनी खरादाला मोटर बसवली. "पोरगं गेलं अन् मोटर आली," मावशी म्हणायच्या. "हे म्हनतात कामाले सोपं झालं."

पण नथ्थूजींच्या हिशेबी मोटर ही तात्पुरती सोय होती. वसंता परत येणार होता. आज ना उद्या भिलाई सोडून तो घरी येणार, लाकडाचं काम बापानं करायचं आणि लोखंडाचं मुलानं, असं त्यांचं पक्कं ठरलेलं होतं. गावात मोटारी येत होत्या, पंप येत होते, पिठाच्या गिरण्या येत होत्या. दुरुस्तीला सगळं यवतमाळला न्यावं लागायचं. "वसंता आला का लाइन लागन इथं," ते म्हणत. त्यासाठी खरादाच्या शेजारी त्यांनी एक नवं टेबल करून ठेवलं होतं. जाड सागाचं, उंची वसंताच्या कमरेला बेतलेली. त्या टेबलावर ते स्वतः पटाशीसुद्धा ठेवत नसत. मी एकदा वह्यांचा गठ्ठा क्षणभर टेकवला, तर त्यांनी तो उचलून परत माझ्या हातात दिला.

एका संध्याकाळी भिंतीकडे पाहता पाहता त्यांनी मला एकदम विचारलं, "गुरुजी, तुमचे बाबा या टायमाले काय करत असतीन?"

शेतातून आले असतील, असं काहीतरी मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

वसंता वर्षातून एकदा यायचा, महालक्ष्म्यांना, म्हणजे आमच्याकडच्या गौरींना. तिकडं हा सण फार मोठा. दूर गेलेली माणसं दिवाळीला एक वेळ येणार नाहीत, पण भादव्यात महालक्ष्म्या बसल्या की घरी आलीच पाहिजेत. मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून, छोट्या लाइनीच्या गाडीत बसून तो दारव्ह्याला उतरायचा. शांत मुलगा. बापासारखे रुंद हात, पण आवाज मावशींचा. आल्या आल्या नथ्थूजी त्याला चहासुद्धा न घेऊ देता टेबलापाशी नेत आणि बाजूला उभे राहत.

मी गेलो त्या वर्षी वसंतानं टेबलावरून हात फिरवला, वर पाहिलं आणि हळूच म्हणाला, "चांगलं झालं, बाबा. पन अठी उजेड कमी पडते. तिकडं आमच्या शॉपमंधी दिवसरात सारखंच दिसते."

झालं. वसंता गेला आणि करीमभाई आले. एका दिव्याचे तीन दिवे झाले. एक खरादावर, एक मधोमध, आणि एक खास वसंताच्या टेबलावर, वर पांढरा पत्रा बसवलेला, म्हणजे उजेड सगळा खाली पडावा. तो दिवा नथ्थूजी रोज लावून बघत. रिकाम्या टेबलावर उजेड पडायचा आणि ते खुर्चीत बसून त्याकडं बघत राहायचे.

पुढच्या वर्षी वसंता आला. उजेड भरपूर होता. त्यानं ते कबूल केलं. मग म्हणाला, "भोकं पाडाची मशीन लावाची म्हटली तं प्लग नाई ना, बाबा. होल्डरमधून तार घ्या लागन. ते खतरनाक असते."

पुन्हा करीमभाई, पुन्हा ठोकळा. प्लगाचा पॉइंट टेबलाच्या उजव्या अंगाला आला, कारण वसंता उजवा. त्या ठोकळ्यावर नथ्थूजींनी कमळाच्या पाकळ्या काढल्या होत्या. करीमभाईंनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि त्या दिवशी काही थट्टा केली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पापडांचा प्रकार झाला. मावशींनी अंगणात पापड घातले होते. वावटळ सुटली, तशा त्या पापडांचं पातळ उचलून आत आल्या आणि त्यांनी ते वसंताच्या टेबलावर पसरलं. नथ्थूजी बाजारातून आले आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलं. मावशी सहसा तोडीस तोड उत्तर देत. त्या दिवशी त्या पापड गोळा करता करता एवढंच म्हणाल्या, "रिकामं टेबल पाहून पाहून जीव जळते माहा. म्हनून घातले. काही तं असू द्या त्याच्यावर."

नथ्थूजी तसेच बाहेर निघून गेले. मी दारात उभा होतो. मावशी माझ्याकडं न पाहता बोलल्या, "तो येत नाई, गुरुजी. मी माय हाय त्याची. तो त्या टेबलाजवळ उभा राह्यला का मले त्याच्या पाठीवरून समजते."

"मग तुम्ही यांना सांगत का नाही?"

"मी काहून सांगू? ज्यानं सांगाचं त्यानं सांगाव. अन् त्याच्यानं सांगनं होत नाई. दरवर्षी मनात ठरवून येते, अन् बापाचं तोंड पाह्यलं का दुसरंच काही बोलते." त्यांनी पापड डब्यात भरले, झाकण लावलं आणि आत गेल्या.

त्यानंतर मी वसंताकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. त्या वर्षी त्याची खोड निघाली ती मोटरीवरून. खरादाची मोटर सुरू केली की सगळे दिवे क्षणभर लाल व्हायचे. "दिव्याची लाइन अन् मोटरीची लाइन अलग पाह्यजे, बाबा," तो म्हणाला, आणि म्हणताना त्यानं खाली पाहिलं. मी त्याला गाडीवर सोडायला गेलो होतो. छोटी गाडी नेहमीप्रमाणं उशिरा होती. बाकावर बसल्यावर तो आपण होऊन म्हणाला, "तिकडं मले कारखान्याचं क्वार्टर भेटून राह्यलं, गुरुजी. काम चांगलं हाये. मले आवडते ते काम. हे बाबाले कसं सांगू?" तो रुळांकडं पाहू लागला. तो म्हणाला, "टेबल काय सुंदर केलं हो त्याईनं," आणि त्याचे डोळे भरले. मग गाडी आली.

वेगळ्या लाइनीचं काम मोठं होतं. नवा मेन स्विच, जाड तार, भिंतभर नव्या पट्ट्या. ते रखडत रखडत पुढच्या पावसाळ्यापर्यंत गेलं आणि तान्ह्या पोळ्याचे नंदी विकायला गेल्यावर एकदाचं संपलं. महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. घर मातीचं. सणाआधी मावशी सगळ्या भिंती पांढऱ्या मातीनं सारवत. वसंता येणार, आणि भिंतभर करीमभाईंच्या हातांचे ठसे. त्यांनी बादलीभर माती कालवली आणि नथ्थूजी देवळात गेले असताना कारखान्याची ती भिंत, पट्ट्यांच्या वरखाली, बटणांच्या कडेकडेनं, ओल्या बोळ्यानं झकास सारवून काढली. पायात अर्थात खडावा होत्या.

संध्याकाळी मोटर सुरू केली आणि शेजारची बाई भिंतीला टेकली ती किंचाळतच बाजूला झाली. भिंत झिणझिणत होती. कुठं तरी जोड उघडा होता, भिंत ओली होती आणि करंट मातीत उतरला होता. नथ्थूजी ओरडत होते, "लांब व्हा, लांब व्हा!" आणि अर्धी आळी ती भिंत कशी झिणझिणते ते बघायला एकेक बोट लावून पाहत होती. एका म्हाताऱ्यानं तर दुखरा खांदा टेकवून पाहिला आणि बरं वाटतं म्हणाला. शेवटी करीमभाई धावत आले, त्यांनी फ्यूज काढले आणि कपाळाला हात लावला.

"काकी, भिंतीले अंघोळ घातली तुमी!"

"मंग काय पोरगं येईन तं पारोशी भिंत दाखवू?"

दोघांचंही खरं होतं. ज्या भिंतीवर वीज आहे ती सारवायची नाही, असं करीमभाई म्हणाले. सणाला घरातली एक भिंत न सारवता ठेवणार नाही, असं मावशी म्हणाल्या. त्या वर्षी सणाचे तीन दिवस कारखाना अंधारात गेला. वसंता आला आणि कंदील घेऊन टेबलाशी उभा राहिला. त्याला काही शोधून काढावं लागलं नाही. मला तर त्याचा चेहरा जरा मोकळा वाटला.

तो गेल्यावर नथ्थूजींनी जे केलं त्यावर आळीचा विश्वास बसेना. माळ्यावर त्यांनी सागाच्या फळ्या जपून ठेवल्या होत्या. आर्णीकडच्या जंगलातला जुना, तेलकट साग, वसंताच्या लग्नाच्या पलंगासाठी राखलेला. त्या फळ्या त्यांनी उतरवल्या, रंधून घेतल्या आणि ती अख्खी भिंत जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंत लाकडानं मढवून काढली. आता सगळी वीज लाकडावर. मावशींनी बाकीचं घर खुशाल सारवावं. पुढच्या पावसाळ्यात काम संपलं त्या दिवशी मावशी दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पोराच्या लग्नाचा पलंग भिंतीले ठोकला, बाई." पण आवाजात राग नव्हता. त्या फळ्यांना हात लावून लावून पाहत होत्या.

खरंच तशी भिंत मी पुन्हा कुठं पाहिली नाही. सागाच्या रेषांचे डोंगर, त्यावर सरळ गेलेल्या पट्ट्या, जागोजाग कंगोऱ्यांचे ठोकळे, काळी चकचकीत बटणं. मोटरीची लाइन अलग, दिव्यांची अलग. जमिनीत पुरायची अर्थिंगची तार अंगणात कोळसा आणि मीठ घालून पुरलेली, आणि ती जागा उन्हाळ्यात वाळू नये म्हणून मावशी रोज तुळशीला पाणी घातल्यावर उरलेला तांब्या तिथं ओतायच्या. करीमभाईंनी सगळे पॉइंट तपासले, कानावरची विडी काढून पेटवली आणि म्हणाले, "काकाजी, आता याच्यात काही बाकी नाई. कोनी काही कमी दाखवून दाखवावं." मी नथ्थूजींकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, अजून एक डाव म्हना, जोरानं म्हना. ते नुसते वसंताच्या टेबलाकडं पाहत होते.

माझ्या बदलीचा हुकूम त्याच सुमारास आला. महालक्ष्म्या झाल्या की निघायचं होतं. जायचा आनंद व्हायला हवा होता. गावाकडे चाललो होतो. पण मी उगाचच खोलीतून सपरीत आणि सपरीतून खोलीत येरझारा घालत होतो. त्या घरातला लाकडाच्या भुशाचा वास, खडावांचा आवाज, मावशींचे टोमणे यांची मला आधीच आठवण यायला लागली होती. आजही येते. इतक्या वर्षांत मी पुष्कळ घरांत राहिलो, पण जीव ओढतो तो त्या परक्या गावातल्या परक्या माणसांच्या घराकडे.

वसंता यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी शाळेतून आलो तर नथ्थूजी खडावा घालून वसंताच्या टेबलापाशी उभे. दोन्ही फ्यूज काढून खिशात ठेवलेले. हातात स्क्रू काढायचा पेचकस. टेबलाच्या उजव्या अंगाचा, कमळाच्या ठोकळ्यावरचा प्लग त्यांनी उघडून काढला होता आणि दोन तारांच्या टोकांना ते सावकाश पट्टी गुंडाळत होते.

"बिघडला का?" मी विचारलं.

"नाई."

"मग काढला कशाला? उद्या वसंता येईल. करीमभाईंना बोलावू?"

"नका बलावू." त्यांनी पट्टी नीट दाबली, प्लग फडक्यात बांधला आणि तो घेऊन ते खुर्चीत बसले. या वेळी खुर्चीचं तोंड माझ्याकडं होतं. "गुरुजी, पोट्ट्यानं दरसाल काही ना काही कमी सांगतलं. मी ते करत गेलो. मले वाटे, आता हे झालं का येईन. मंग ते झालं का येईन. आता समदं झालं." त्यांनी फडक्याची गाठ आवळली. "समदं झालं तं त्याले खरं सांगा लागन ना. ते पोरगं कसं सांगन? त्याले काही तं म्हनाले पाह्यजे."

मी म्हणालो, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तिनं पापड टाकले तवापासून," ते म्हणाले. आणि मग, नेहमीच्या आवाजात, "तिले सांगू नका. तिले वाटते मले समजत नाई. तेवढंच तिले समाधान."

दुसऱ्या दिवशी वसंता आला. सणाची गर्दी, आत महालक्ष्म्यांचा साज चाललेला, पुरणाचा वास. नथ्थूजींनी त्याला सरळ कारखान्यात नेलं. मी माझ्या दारात, भरून ठेवलेल्या ट्रंकेशेजारी उभा होतो. माझी गाडी सण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी होती, पण निघताना निरोपाच्या गर्दीत नथ्थूजी मला नीट दिसलेच नाहीत. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच, असं मी धरून चालतो.

नथ्थूजींनी सगळे दिवे लावले. सागाची भिंत उजळली. वसंता दारातच थांबला. त्यानं ती सबंध भिंत पाहिली, फळ्या पाहिल्या. त्या कुठल्या ते त्याला कळलं असावं, कारण त्यानं एकदा आत आईकडे पाहिलं. मग तो आपल्या टेबलाशी गेला. वर बघितलं, उजेड होता. मोटर सुरू करून पाहिली, दिवे हलले नाहीत. त्यानं मोटर बंद केली आणि तो तसाच उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. त्याला बोलायचं होतं आणि या वर्षी बोलण्यासारखी एकच गोष्ट शिल्लक होती. मला त्याच्याकडे बघवेना.

"उजव्या हाताले पाह्य ना," नथ्थूजी म्हणाले.

वसंतानं पाहिलं. कमळाचा ठोकळा रिकामा होता, मधून दोन गुंडाळलेली टोकं बाहेर आली होती. तो ठोकळ्याकडं पाहत राहिला. मग बापाकडं. आधीच्या खेपेला तिथं प्लग होता हे त्याला माहीत होतं. त्यानंच तर तो मागून घेतला होता.

"बाबा," तो म्हणाला. त्यानं ठोकळ्यावर बोट ठेवलं. "बाबा, अठी प्लग नाई ना."

"राह्यला खरा," नथ्थूजी म्हणाले. "घाईत राह्यला. आता पुढच्या महालक्ष्म्याईपर्यंत बसवून टाकतो. तू ये अन् पाह्य."

"पाह्यतो," वसंता म्हणाला.

आतून मावशी जेवायला हाका मारत होत्या. दोघंही हलले नाहीत. प्लग कसा असावा, दोन पिनचा की तीन पिनचा, बाजूला बटण पाहिजे की नको, याचं त्यांचं बोलणं सुरू झालं होतं, आणि बोलता बोलता नथ्थूजींनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला होता.